काळ्या पडद्यावरचे ग्रह

डोळे मिटू नका. हे मनन उघड्या डोळ्यांनीच करायचं आहे. मोबाइल पालथा ठेवा आणि मनात एक पडदा आणा. काळाभोर. त्यावर अजून एकही ठिपका नाही.

साल १९९६. वॉर्नर ब्रदर्समध्ये वेबसाइट करणाऱ्यांपैकी तुम्ही एक. काम आलंय 'स्पेस जॅम'चं. मायकेल जॉर्डन आणि बग्ज बनी मिळून बास्केटबॉल खेळतात तो चित्रपट, नोव्हेंबरात लागणार. कलाकार, पडद्यामागची गंमत, पत्रकारांसाठी माहिती, विकायच्या वस्तू, सगळं एका पानावरून सापडायला हवं. सोपा मार्ग म्हणजे डावीकडे यादी, उजवीकडे मजकूर.

त्या यादीकडे जरा वेळ बघत राहा. तिच्यात चूक काहीच नाही. पण ससा हवेत उडी मारतोय आणि यादी मात्र किराण्याची.

आता यादी बाजूला ठेवा. आपण आहोत कुठे, एवढंच स्वतःला विचारा. चित्रपटाच्या नावातच अंतराळ आहे, आणि अंतराळात रांग नसते, प्रदक्षिणा असते. मधोमध चित्रपटाचं नाव ठेवा. भोवती ग्रह. एकेक ग्रह म्हणजे एकेक दार.

इथे रेंगाळा. यादी कुठे गेली? ती होतीच कुठे, असं वाटायला लागतं ना?

मग ग्रहांना नावं सुचू लागतात. 'प्लॅनेट बी-बॉल'. 'जॅम सेंट्रल'. वॉर्नरच्या 'लूनी ट्यून्स' कार्टूनांवरून चंद्राची कोटी, 'लूनर ट्यून्स'. पत्रकारांचा विभाग, जो कुठल्याही साइटवर सर्वांत रुक्ष, तोसुद्धा 'प्रेस बॉक्स शटल' होऊन उडतो. माझ्या मते कल्पनेची खरी परीक्षा हीच. देखणे विभाग कुठल्याही कल्पनेत बसतात. रुक्ष विभाग आपण होऊन आत आला, तर कल्पना पक्की. त्याला ओढून आणावं लागत असेल, तर कल्पनाच सोडून द्या, कितीही लाडकी असली तरी.

आता तो पडदा उजळायची वाट पाहा. मोडेमचा वेग २८.८ किलोबिट, म्हणजे सेकंदाला जेमतेम साडेतीन किलोबाइट. शंभर किलोबाइटचं चित्र उतरायला अर्धा मिनिट. (भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट उघडलं १५ ऑगस्ट १९९५ला. फोनलाइनवरचा तो किरकिराट ज्यांनी ऐकलाय, त्यांना अर्धा मिनिट केवढा असतो ते सांगायला नको.) म्हणून अख्खं आकाश रंगवायचंच नाही. चांदण्यांचा एक लहानसा चौकोन करायचा. ब्राउझर तोच पुन्हा पुन्हा लावत जातो, फरशी बसवल्यासारखा.

आणि ग्रह जागच्या जागी ठेवायचे कसे? मांडणीसाठी पुढे रुळलेल्या सीएसएसची पहिली शिफारस निघाली त्याच वर्षी डिसेंबरात, चित्रपट लागून गेल्यावर. हाताशी होतं ते टेबल, आकड्यांचा तक्ता मांडायचं साधन. आडव्या ओळी, उभे रकाने. कुठे घर रिकामं सोडायचं, कुठे रुंद करायचं, आणि रेघांची जाडी शून्य. वर ग्रह तरंगतायत, खाली जमाखर्चाची वही. हे दृश्य थोडा वेळ मनात धरून ठेवा.

धरलंत? आता आपल्या कामाकडे या. समजा, कंपनी लोणच्याची आहे. फडताळ, त्यात दादरा बांधलेल्या बरण्या, एकेक बरणी उघडली की एकेक पान. छान दिसेल. पण गिऱ्हाइकाला फक्त भाव आणि फोन नंबर हवा असेल तर? त्याच्याकडून पाच बरण्या उघडवून घेतल्या, तर गंमत आपली झाली, त्रास त्याचा. 'स्पेस जॅम'च्या त्या पानावर इतर दारांसोबत 'साइट मॅप'चंही दार होतं. ज्याला खेळायचं नाही त्याच्यासाठी सरळ वाट.

२०२१ साली 'स्पेस जॅम'चा नवा चित्रपट आला आणि मूळ पत्ता त्याला मिळाला. जुनं पान मात्र पुसलं नाही. त्याच्या पत्त्यापुढे १९९६ हा आकडा जोडला आणि ग्रह होते तिथेच ठेवले.