नुसता हुंकार

चिवड्याला पातळ पोहे लागतात, हे मला पुरते ठाऊक आहे. तरीही परवा भोसरीच्या बाजारातून मी दोन किलो जाडे पोहे घेऊन घरी आलो. पिशवी उघडताच मंडळींनी कपाळाला हात लावला. "सकाळी दोनदा सांगितलं, पातळ आणा म्हणून! आणि तुम्ही 'हं' म्हणालात!" मी 'हं' म्हणालो होतो यात शंका नाही. वर्तमानपत्रात डोके खुपसून बसलेला नवरा बायकोच्या प्रत्येक वाक्याला 'हं' म्हणतोच. त्या 'हं'चा अर्थ 'ऐकले' असा नसतो. 'तू काहीतरी बोलते आहेस एवढे कळले' इतकाच असतो. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ कांदेपोहे खाऊन मी त्या हुंकाराचे प्रायश्चित्त घेतले.

ही हकीकत मी गच्चीवर आमच्या शेजाऱ्यांना सांगितली. हे गृहस्थ वायुदलातून निवृत्त झालेले. नोकरीची पुष्कळ वर्षे त्यांनी विमानतळांच्या टॉवरमध्ये काढली. आमच्या गच्चीवरून रात्री लोहगावच्या विमानांचे दिवे दिसतात. लोहगावचा तळ वायुदलाचा आहे, आणि तेथे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवासी विमानांनाही वायुदलाचाच टॉवर वाट करून देतो. माझी गोष्ट ऐकून ते हसले आणि म्हणाले, "मास्तर, आमच्या धंद्यात या 'हं'ला बंदी आहे बरं का!"

मग त्यांनी मला समजावून सांगितले ते असे. टॉवरमधला माणूस वैमानिकाला उतरायला, उडायला, धावपट्टीवर यायला किंवा तिच्या अलीकडे थांबायला सांगतो, तेव्हा नुसते 'बरे' म्हणून भागत नाही. मिळालेला हुकूम वैमानिकाने आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवायचा: कोणती धावपट्टी, किती उंची, कोणती दिशा, आणि सोबत आपल्या विमानाची खूण. टॉवरमधल्याने ते कान देऊन ऐकायचे आणि चुकले असेल तर तेथल्या तेथे सुधारायचे. इंग्रजी 'नाइन' दुसऱ्या शब्दासारखा ऐकू येऊ नये म्हणून त्याला 'नायनर' म्हणायचे. रेडिओ बंद पडला तर टॉवरवरून दिव्याचा झोत टाकतात. आकाशातल्या विमानाला स्थिर हिरवा म्हणजे उतर. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट दे आणि घिरट्या घालत राहा. गंमत अशी, की तेव्हाही दिवसा वैमानिकाने पंख हलवून 'दिसले' असे कळवायचे असते. बोलता येत नाही म्हणून उत्तराची सुटका नाही!

एवढी कडक शिस्त कशाला, असे मी विचारले. तेव्हा त्यांनी एका बेटाची गोष्ट सांगितली.

अटलांटिक महासागरात स्पेनची कॅनरी बेटे आहेत. त्यांतल्या तेनेरीफ बेटावर डोंगरात सुमारे दोन हजार फूट उंचीवर लोस रोदेओस नावाचा विमानतळ आहे. धावपट्टी एकच. २७ मार्च १९७७, रविवारचा दिवस. शेजारच्या बेटावरील विमानतळावर बाँबस्फोट झाल्यामुळे तिकडची विमाने या तळावर पाठवण्यात आली. उभे राहायला जागा पुरेना, तेव्हा उड्डाणाच्या टोकापर्यंत धावपट्टीवरूनच चालत जाणे विमानांना भाग पडले. एक डच जंबो टोकाशी जाऊन, वळून उभे राहिले. त्याच्या मागून निघालेले अमेरिकन जंबो अजून धावपट्टीवरच होते. आणि डोंगरावरचे ढग खाली उतरले. टॉवरला विमाने दिसेनात, विमानांना एकमेकांचे दर्शन घडेना. जमिनीवरची विमाने दाखवणारे रडार तेथे नव्हते. सर्वांचे डोळे गेले; राहिला तो शब्द.

उड्डाणानंतर कोणत्या मार्गाने जायचे ते टॉवरने डच विमानाला सांगितले. उड्डाणाची परवानगी ही नव्हे. ती वेगळी द्यावी लागते. सहवैमानिकाने मार्ग परत म्हणून दाखवला आणि शेवटी, आपण आता उड्डाणावर आहोत, अशा अर्थाचे दोन-चार संदिग्ध शब्द जोडले. टॉवरमधून उत्तर आले, 'ओके'. आणि क्षणभराने, 'थांबा, मी सांगेन'. नेमक्या त्याच वेळी अमेरिकन वैमानिक, आम्ही अजून धावपट्टीवर आहोत, असे सांगू लागला. दोन आवाज एकमेकांवर आदळले आणि रेडिओतून नुसता कर्कश आवाज निघाला. डच विमानात स्पष्ट पोचला तो एकच शब्द: 'ओके'. विमान धावू लागलेच होते. त्यातील इंजिनियरने, ते दुसरे विमान बाजूला झाले नाही का, अशी शंका काढली. परंतु कप्तान त्या कंपनीतला नामांकित, इतर वैमानिकांना शिकवणारा. त्याने ठामपणे ती उडवून लावली. दुसऱ्यांदा कोणी विचारले नाही. त्या दिवशी ५८३ माणसे मेली.

पुढे जगभर नियम घट्ट झाले. 'टेकऑफ' हा शब्द परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी नाही. नुसत्या 'ओके'वर हुकूम पोचला असे धरायचे नाही. आणि कप्तान कितीही मोठा असो, शंका आली तर धाकट्याने बोललेच पाहिजे, असे वैमानिकांना शिकवू लागले.

शेजारी झोपायला गेले. मी मात्र गच्चीवर बसून राहिलो, कारण असा एक 'ओके' माझ्याही नावावर आहे.

मॅट्रिक झाल्यावर मी मास्तर झालो तो काही वर्षांनी. त्याआधी, सत्तावीस वर्षांपूर्वी, याच पट्ट्यातील एका लहानशा शेडमध्ये पॉवर प्रेसवर हेल्पर होतो. एके दिवशी डायमध्ये पत्र्याचा तुकडा अडकला. माझ्या सोबत्याने मागच्या बाजूने हात घालून तो काढायला घेतला. पुढे पेडलपाशी ऑपरेटर, मध्ये मी. ऑपरेटरने ओरडून विचारले, "निघाला का?" त्या धडधडाटात मला ऐकू आले, "काढतोय का?" मी म्हणालो, "हो." त्याने पेडल दाबले. माझ्या सोबत्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली.

चौकशी झाली. पेडल दाबणाऱ्याचे नाव लागले. हात घालणाऱ्याला घाई केल्याबद्दल बोल बसला. माझ्या 'हो'विषयी कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

आता प्रश्न असा, की मी दोषी होतो का? मी खोटे बोललो नव्हतो. मला जे ऐकू आले त्याचे उत्तर खरेच दिले होते. बेटावरच्या त्या टॉवरमधला माणूसही खोटे बोलला नव्हता. पुष्कळ दिवस मी याच युक्तिवादाचे पांघरूण घेऊन झोपलो. आज मला वाटते, की सत्य बोलणे ही नीतीची अर्धीच बाजू आहे. माझा शब्द दुसऱ्याच्या कानात कोणत्या अर्थाने पडतो आहे, तेही पाहणे ही उरलेली अर्धी. "काढतोय, अजून निघाला नाही," एवढे चार शब्द मी बोललो असतो तर? ऐकलेले परत सांगणे म्हणजे, 'माझा कान चुकू शकतो' अशी कबुली देणे. ती वरवर यांत्रिक शिस्त दिसते. मुळात ती नम्रता आहे.

कोणी म्हणेल, ही तर पोपटपंची झाली! आक्षेप खोटा नाही. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीवर दोन विमाने आकाशात आदळली आणि ३४९ जीव गेले. कझाकस्तानच्या विमानाला पंधरा हजार फुटांवर राहायचे होते. ते त्याखाली आले. त्या विमानात टॉवरशी बोलणारा एक आणि विमान हाकणारे दुसरे होते. तेव्हा शब्द तोंडून परत येणे पुरेसे नाही. तो हातापर्यंत पोचला पाहिजे. आणि पोचला नाही असे ज्याला दिसेल, त्याला तसे म्हणण्याची मोकळीक पाहिजे.

ही मोकळीक आपण देतो का? आमच्याकडे पुन्हा विचारणाऱ्याला 'उलट बोलतोस?' म्हणून गप्प करतात. घरात वडील, कारखान्यात साहेब, वर्गात मास्तर. सर्वांना 'हो' आवडतो. मीही वर्गात "कळलं का?" असे विचारून "होऽऽ सर!" या एकमुखी गजरावर वर्षानुवर्षे खूश होत आलो. आता एखाद्या मुलाला उठवून म्हणतो, "मी काय सांगितलं ते तुझ्या शब्दांत सांग." तेव्हा कळते, की त्या गजरात निम्मे हुंकारच होते! आणि दोष पुष्कळदा माझ्या सांगण्यात असतो.

माझा तो सोबती आता चाकणला एका गोदामात नोकरी करतो. दर दिवाळीला आमची भेट होते. या वर्षी वसुबारसेलाच मी त्याच्या घरी गेलो आणि सत्तावीस वर्षांपूर्वीचा तो 'हो' त्याला सांगून टाकला. तो बराच वेळ गप्प होता. मग हाताकडे पाहत म्हणाला, "मी तर समजत होतो, माझीच घाई झाली. बायकोलाही तेच सांगत आलोय."

माझ्या हुंकाराने त्याची बोटे गेली होती. माझ्या मौनाने इतकी वर्षे त्याच्यावर न केलेल्या चुकीचे ओझे ठेवले होते. त्याने क्षमा केली की नाही, हे मी विचारले नाही. निघताना त्याच्या बायकोने फराळाचा डबा हातात दिला आणि बजावले, "भाऊजी, डबा परत आणायचा, भाऊबीजेच्या आत."

मी म्हणालो, "डबा परत आणायचा, भाऊबीजेच्या आत." ती हसली. तो मात्र हसला नाही. त्याला कळले होते.