कोणी कोणाची भाषा शिकायची?



मुलांच्या शिबिरात असा एक खेळ घेतला तर काय होईल? सगळ्यांनी गोल करून बसायचे आणि एकमेकांना आपली ओळख करून द्यायची. अट एकच, तासभर तोंडातून शब्द काढायचा नाही. सुरुवातीला खसखस पिकेल. मग हात हलू लागतील, भुवया वर जातील, कोणी हवेत अक्षरे काढील. शेवटी प्रत्येकाच्या वाट्याला एक खुणेचे नाव येईल. गालावर खळी असलेल्या मुलीचे नाव गालाला बोट लावून, कुरळ्या केसांच्या मुलाचे नाव केसांजवळ बोट फिरवून. कर्णबधिर माणसे एकमेकांना अशीच नावे देतात.

भाषा शिकवणाऱ्या वर्गांत असे कितीतरी खेळ घेतले जातात. आपल्या ओळखीचा कानगोष्टींचा खेळही हातांनी खेळता येतो. मुले एकामागे एक पाठमोरी उभी राहतात. खांद्यावर थाप पडली की वळायचे, खूण पाहायची आणि पुढच्याला द्यायची. शेवटच्या मुलापर्यंत ‘पाऊस’ पोहोचतो की भलतेच काही, हे पाहण्यात मोठी गंमत असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी १९६० च्या दशकात मांडलेली पद्धतही याच जातीची आहे. शिक्षक आज्ञा देतो आणि विद्यार्थी ती कृतीने पाळतो: ऊठ, दार उघड, पुस्तक ताईला दे. लहान मूल घरात आपली भाषा अशीच शिकते. आधी त्याला कृतीतून समजते, मग ते बोलते.

परंतु आज आपल्यापुढचा प्रश्न खेळांचा नाही, खेळांमागच्या हेतूचा आहे. ज्याला नीट ऐकू येते त्याने खुणांची भाषा का शिकावी?

काही ठिकाणी मुलांच्या कानात कापूस घालतात आणि विचारतात, “आता कळले ना, बहिरेपण कसे असते?” मुले हळहळतात. पण तासाभराने कापूस निघतो आणि मुले घरी जातात. त्यांच्या हाती लागते ती फक्त कीव. जन्मापासून ऐकू न येणारी व्यक्ती काही दिवसभर हरवलेल्या आवाजासाठी रडत बसलेली नसते. ती डोळ्यांनी ऐकते आणि हातांनी बोलते. तिचे खरे दुःख निराळे असते. आजूबाजूला शंभर माणसे असतात, आणि एकालाही तिची भाषा येत नाही. कानात कापूस घालून हे दुःख कळत नाही. तिची भाषा शिकायला बसल्यावर मात्र कळू लागते.

आणि ती खरोखर भाषा आहे, नुसते हातवारे नव्हेत. भारतीय सांकेतिक भाषेत ‘पुरुष’ म्हणायला मिशीला पीळ दिल्याची खूण करतात, ‘स्त्री’ म्हणायला नाकातल्या चमकीच्या जागी बोट लावतात. अक्षरे दोन्ही हातांनी दाखवतात. ‘काय’, ‘कुठे’ असे प्रश्नाचे शब्द वाक्याच्या शेवटी येतात. चेहऱ्यावरचा भाव हाही व्याकरणाचाच भाग असतो. म्हणजे मराठी वाक्यातल्या एकेका शब्दाला खूण लावत गेलो तर ती भाषा होत नाही. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१ साली या भाषेच्या शब्दकोशाची तिसरी आवृत्ती काढली, तीत १०,००० शब्द आहेत. ज्याच्यापाशी अशी भाषा आहे त्याला ‘मुका’ कसे म्हणायचे? म्हणून ‘मूकबधिर’ हा शब्द आपण आता सोडून द्यावा हे बरे.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशूकडे एका बहिऱ्या माणसाला आणतात. प्रभू काय करतो? आधी त्याला गर्दीतून बाजूला घेतो. मग त्याच्या कानांत बोटे घालतो, जिभेला स्पर्श करतो, स्वर्गाकडे पाहतो, उसासा टाकतो. त्या माणसाला समजेल अशाच या सर्व कृती आहेत. ‘एफ्फाथा’ हा शब्द सर्वांत शेवटी येतो. कोणी म्हणेल, “शेवटी प्रभूने त्याला ऐकू येऊ दिले ना? मग आपणही बहिऱ्यांना ऐकू आणि बोलू लावावे, हातांची भाषा कशाला?” हा आक्षेप सहज झटकण्यासारखा नाही. श्रवणयंत्राने वा शस्त्रक्रियेने एखाद्या मुलाला ऐकू येत असेल तर ते जरूर करावे. आईवडिलांची ती ओढ योग्यच आहे. पण बरे करणे नेहमी आपल्या हाती नसते. त्याआधीचे जे प्रभूने केले, गर्दीतून वेळ काढणे आणि त्याला समजेल अशा रीतीने त्याच्याशी बोलणे, ते मात्र आपल्या प्रत्येकाच्या हाती आहे.

या प्रश्नावर इतिहासात मोठा वाद झाला आहे. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये शार्ल-मिशेल द लेपे या कॅथलिक धर्मगुरूंनी कर्णबधिर मुलांसाठी मोफत शाळा चालवली. ते आधी त्या मुलांच्या खुणा शिकले आणि त्या खुणांतूनच त्यांनी त्यांना शिकवले. पुढे १८८० साली मिलान येथे शिक्षकांची परिषद भरली. जमलेले जवळजवळ सगळेच ऐकू येणारे होते. त्यांनी ठराव केला की शाळेत खुणा नकोत, फक्त ओठ वाचायला आणि बोलायला शिकवावे. त्याच दशकात मुंबईत बिशप लिओ म्युरिन या येशूसंघीय धर्मगुरूंनी कर्णबधिरांसाठी शाळा सुरू केली. ती भारतातली अशी पहिली शाळा मानली जाते. ज्यांच्याकडे कोणी पाहत नव्हते अशा मुलांसाठी ख्रिस्तसभेने हे दार उघडले, याचा आपल्याला रास्त अभिमान वाटतो. मात्र भारतातल्या शाळांनीही पुढे बव्हंशी बोलायला शिकवण्याचाच मार्ग धरला. काही मुले त्या मार्गाने शिकली, पुष्कळांचा वेळ न समजण्यातच गेला. शेवटी २०१० साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे भरलेल्या तशाच आंतरराष्ट्रीय परिषदेने मिलानच्या ठरावांबद्दल खेद व्यक्त करून ते नाकारले. मधे तब्बल १३० वर्षे गेली.

या वादाच्या मुळाशी एकच प्रश्न होता: पूल कोणी बांधायचा? दुर्बळाने आपल्यापर्यंत यायचे, की आपण त्याच्यापर्यंत जायचे? पेंटेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमेत जमलेल्या परक्या लोकांना गालीलची भाषा शिकावी लागली नाही. प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आले. आपल्यातील वडीलधाऱ्या मंडळींना लॅटिन मिस्सा आठवत असेल. शब्द कळत नसत, तरी माणसे श्रद्धेने गुडघे टेकून असत. १९६३ साली व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली आणि आपण मराठीत प्रार्थना करू लागलो. पण मंदिरात आपल्या शेजारी बसलेल्या कर्णबधिर व्यक्तीसाठी आपली मराठी मिस्सा अजून लॅटिनच आहे.

हा प्रश्न केवळ कानांचा नाही. आपल्या कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरचे कातकरी किंवा ठाकर मूल पहिलीत येते, तेव्हा पुस्तकातली मराठी त्याला परकी वाटते. ते गप्प बसते आणि आपण त्याला मठ्ठ ठरवतो. पण एखाद्या बाईंनी फळ्यावर झाडाचे चित्र काढून विचारले, “तुमच्या घरी याला काय म्हणतात रे?” तर तेच मूल उभे राहते. क्षणभर ते गुरुजी होते आणि बाकीचा वर्ग विद्यार्थी. सगळ्या खेळांत हा खेळ मला मोलाचा वाटतो, कारण त्यात मोठेपण हातांतर होते.

खुणांची भाषा शिकतानाही हेच पथ्य पाळावे. ती भाषा शक्यतो कर्णबधिर व्यक्तीकडूनच शिकावी. मोबाईलवर पाहून दहा खुणा पाठ करणे आणि स्नेहसंमेलनात त्या गाण्यावर करून टाळ्या घेणे सोपे आहे. त्या टाळ्या आपल्याला मिळतात, त्यांना नव्हे. उलट एखादा कर्णबधिर तरुण वर्गापुढे उभा राहिला, आपण चुकलो, तो हसला आणि त्याने आपली बोटे धरून नीट केली, तर त्या घटकेला अडखळणारे आपण असतो आणि जाणता तो. २ मे २०२४ रोजी केरळमधील थ्रिसूर येथे होली क्रॉस संघाचे फादर जोसेफ थेरमाडम यांना गुरुदीक्षा मिळाली. ते भारतातले पहिले कर्णबधिर धर्मगुरू. देणारे आपणच आणि घेणारे तेच, ही आपली समजूत इथे पुसली जाते.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात ऐकू न येणाऱ्यांची संख्या सुमारे ५० लाख होती. त्यांतली बहुतेक मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मलेली असतात. असे मूल दूरच्या निवासी शाळेत जाते, तिथे त्याला भाषा सापडते. सुट्टीत ते गावी येते, आणि घरात त्याच्याशी ‘जेवलास का’ यापलीकडे बोलणारे कोणी नसते. पळसदरी स्थानकावर खोपोली लोकल उशिरा असल्याची घोषणा झाली, तर असा प्रवासी इतरांच्या चेहऱ्यांकडे पाहत राहतो. त्याला हाताने ‘गाडी उशिरा आहे’ एवढे सांगायला किती शिकावे लागेल?

धर्मशिक्षणाच्या वर्गात महिन्यातून एक तास या भाषेला देता येईल. ‘शांती असो’, ‘ये, बस’, ‘तुझे नाव काय?’ एवढ्यापासून सुरुवात करावी. लहान मुले लवकर शिकतील. मोठ्यांनी त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा मानू नये. आणि आपल्या धर्मग्रामात, आपल्या आळीत अशी कोणी व्यक्ती असेल, तर पहिला धडा तिच्याकडेच मागावा. एफ्फाथा म्हणजे ‘मोकळा हो’. ऐकू येणाऱ्या कानांनाही या शब्दाची गरज असते.