दुसरं सासर

वालचंदनगरात माणूस रिटायर होतो म्हणजे दोन गोष्टी जवळजवळ एकदमच सुटतात, नोकरी आणि घर. शहरातल्या नोकरदाराला हे चटकन उमगत नाही. तो महिनाअखेरीस निवृत्त होतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच खिडकीत, त्याच खुर्चीत पेपर वाचत बसतो. कंपनीच्या वसाहतीत क्वार्टर नोकरीचं बोट धरून आलेलं असतं, ते तिच्याबरोबरच जातं. शाल, नारळ, फंडाचे कागद, ग्रॅच्युइटीचा हिशोब (शेवटच्या पगाराला २६ नं भागायचं, १५ नं गुणायचं आणि मग नोकरीच्या वर्षांनी), आणि थोड्या मुदतीनं किल्ली जमा केल्याचा कागद. त्यामुळे ‘आता राहायचं कुठं’ हा प्रश्न इथं चिंतनाला सवड देत नाही. तो तारीख घेऊनच येतो.

ठरलेली उत्तरं तीनच. मुलाकडे पुण्याला, म्हणजे वाकड, हिंजवडी, फार तर हडपसर. नाहीतर मूळ गावी, भावाच्या वाटणीशेजारी. नाहीतर इथंच आसपास, कळंबला, जंक्शनला, लासुर्ण्याला, ऐपत असेल तर बारामतीत, नोकरीत असतानाच घेऊन ठेवलेल्या दीड-दोन गुंठ्यांवर. परदेशातल्या मुलाकडे जाणं हे व्हिसाच्या मुदतीचं, त्याला कुणी राहणं म्हणत नाही.

यातलं ‘मूळ गाव’ हे प्रकरण इथं जरा विचित्र आहे. वालचंदनगरला मूळचं असं जवळजवळ कुणीच नाही. वालचंद हिराचंद जन्मले सोलापुरात, १८८२ साली. घराणं त्याआधी सौराष्ट्रातल्या वांकानेरहून आलेलं. नीरा डाव्या कालव्याचं पाणी, कळंबजवळची जमीन, तिच्यावर ऊस, १९३० च्या दशकात साखर कारखाना, मग इतरांच्या साखर कारखान्यांची यंत्रं, सिमेंटची यंत्रं, बॉयलर, गिअरबॉक्स, अणुभट्ट्यांचे भाग आणि इस्रोच्या प्रक्षेपकांसाठी लागणारी मोटारींची आवरणं. एवढं सगळं करायला फिटर, टर्नर, वेल्डर, ड्राफ्ट्समन हवेत, ते बाहेरून आले. पस्तीस वर्षं इथं काढलेला माणूसही ‘आम्ही मूळचे कराडकडचे’ असंच सांगतो. आणि ज्यांच्या नावानं गाव वसलं त्यांचा शेवट? १९४९ मध्ये पक्षाघात, पुढच्या वर्षी व्यवसायातून निवृत्ती, आणि १९५३ मध्ये गुजरातेतल्या सिद्धपूर इथं मृत्यू. सोबतीला शेवटपर्यंत पत्नी कस्तुरबाई. मातृगयेचं क्षेत्र म्हणून प्रसिद्ध असलेल्या गावी कारखानदाराचा शेवट व्हावा, यात पाहिलं तर जुनी रीत दिसते.

‘आपण इथंच राहू’ म्हणणाऱ्यांचा एक हिशोब मात्र हमखास चुकतो. आपण राहिलो तरी गाव राहत नाही. वसाहतीत माणसं लागली ती तुकडीनं, एका विस्ताराच्या वेळी पन्नास, दुसऱ्या वेळी शंभर, आणि निवृत्तही होतात तुकडीनंच. खेड्यातल्या पारावर एक म्हातारा कमी झाला तर त्याचा मुलगा चार-सहा वर्षांत तिथं येऊन बसतो. वसाहतीतल्या म्हाताऱ्याचा मुलगा हिंजवडीत लॅपटॉप उघडून बसलेला असतो. ओळखीच्या गल्लीत अनोळखी नावांच्या पाट्या लागतात. म्हणून निवड ‘हलायचं की राहायचं’ अशी खरं तर नसतेच. मुलांचं लांब असणं सोसायचं की सोबत्यांचं लांब होणं, एवढंच आपल्या हाती.

ज्यांच्या हाती तेवढंही नाही असे लोक याच तालुक्यात आहेत. १९६१ च्या जमीन कमाल मर्यादा कायद्यानं खासगी साखर कारखान्यांची शेती सरकारकडे गेली, १९६३ मध्ये शेती महामंडळ झालं. त्याच्या रत्नपुरी मळ्यावर हयात घालवलेल्या मजुरांच्या कुटुंबांना चाळीतली खोली सोडून जायला जागा नाही, आणि घरापुरते दोन गुंठे द्या ही महामंडळाच्या कामगारांची जुनी मागणी आहे. उत्तरेच्या अंगाला उजनीच्या पाण्याखाली गेलेली गावं. तिथल्या माणसाला ‘मूळ गावी जा’ म्हणणं थट्टाच ठरेल. तेव्हा निवृत्तीनंतर कुठं राहावं याची चर्चा करायला मिळणं हीच एक ऐपत आहे, हे आधी कबूल करून पुढं बोललेलं बरं.

आपल्या शास्त्रकारांनी हा प्रश्न फार लवकर सोडवला, म्हणजे निदान लिहून तरी टाकला. अंगाला सुरकुत्या, केस पांढरे आणि मुलाला मूल झालं की गृहस्थानं वनात जावं, असं मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात आहे. ते सगळ्यांना पाठ असतं. लगेच पुढच्या श्लोकात व्यवस्था आहे: बायकोला मुलांच्या स्वाधीन करावं, नाहीतर बरोबर न्यावं. दोनच पर्याय, आणि दोन्हींत तिनं काही बोलायची सोय नाही. फंड, भांडी आणि बायको यांची विल्हेवाट एका दमात. आजही सेंड-ऑफनंतरच्या आठवड्यात ‘आम्ही ठरवलं’ असं जे सांगितलं जातं, त्यातल्या ‘आम्ही’त नेमकं कोण असतं ते मला नेहमी विचारावंसं वाटतं.

मनूपेक्षा व्यास इथं खूपच अनुभवी वाटतात. युद्ध संपल्यावर धृतराष्ट्र पंधरा वर्षं युधिष्ठिराच्या घरी राहिला. मान होता, खाणंपिणं होतं, पुतण्याची वागणूक निर्दोष होती. पण भीम होता. भीम त्याला ऐकू जाईल अशा बेतानं दंड थोपटून बोलायचा. मुला-पुतण्याच्या घरी राहणाऱ्या म्हाताऱ्याची अवस्था याहून अचूक मांडलेली मी वाचलेली नाही: उपाशी कुणी ठेवत नाही, एक जण मात्र बोलतो, आणि त्याच्या बोलण्यात तथ्यही असतं. शेवटी धृतराष्ट्र वनात निघाला. गांधारी निघाली, विदुर-संजय निघाले. इथवर ठीक. पण कुंती का निघाली? तिचे मुलगे तर जिंकलेले, राज्यावर बसलेले. सगळ्यांनी विनवण्या केल्या. भीमानं विचारलं की हेच करायचं होतं तर आम्हाला लढायला का उठवलंस? तिनं सांगितलं ते थोडक्यात असं: तुम्ही मानानं जगावं म्हणून उठवलं, मुलांनी मिळवलेलं राज्य भोगायची मला हौस नाही. आणि ती पुढं झाली; डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या गांधारीचा हात कुंतीच्या खांद्यावर, आंधळ्या धृतराष्ट्राचा हात गांधारीच्या खांद्यावर.

रांगेत पुढं चालणारी ही बाई कोण, ते पाहिलं पाहिजे. शूराची मुलगी पृथा, लहानपणीच कुंतिभोजाला देऊन टाकलेली. तिथून हस्तिनापूर. तिथून पांडूबरोबर अरण्य. विधवा होऊन पाच मुलं घेऊन पुन्हा हस्तिनापूर. वारणावतचं लाखेचं घर, एकचक्रेतलं परक्याचं घर, पांचाल, इंद्रप्रस्थ. आणि मुलं वनवासात असताना तेरा वर्षं विदुराचं घर. एवढी बिऱ्हाडं हलवलेलं माणूस त्या दरबारात दुसरं नव्हतं. जागा बदलली की माणसाचं काय उरतं नि काय जातं, याचा तिला सगळ्यांत जास्त अनुभव. इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये कुंतीवर स्वतंत्र लेख लिहिला आहे, मला मात्र निवृत्त माणसाच्या घरात तिची आठवण वेगळ्याच कारणानं होते. स्थलांतराचा अनुभव असलेलं माणूस त्या घरातही असतं, आणि सल्ला भलत्यालाच विचारला जातो.

पुरुषाच्या आयुष्यात हे पहिलंच स्थलांतर असू शकतं. म्हणजे नोकरीला आला तेव्हा तरणा होता, एकटा होता, ते मोजायचं नाही. बाईचं तसं नाही. विशी-बाविशीत ती एक घर, एक आडनाव, अनेकदा स्वतःचं नावसुद्धा मागं टाकून इथं आलेली असते. तिनं हे गाव शून्यातून ओळखीचं केलं. त्याची माणसं कंपनीत होती, मशीन शॉपमध्ये, कँटीनमध्ये; त्यांच्याशी त्याचं नातं गेटवरच सुटतं. तिची माणसं कॉलनीत आहेत. भिशी, हळदीकुंकू, भजनी मंडळ. उन्हाळ्यात एकीच्या अंगणात सगळ्यांच्या कुरडया, एकीच्या पातेल्यात सगळ्यांचा चीक. त्यामुळे सेंड-ऑफच्या दिवशी त्याचं तुटायचं ते तुटून गेलेलं असतं, तिचं तुटणार असतं ते सामानाचा टेम्पो निघताना. तो ‘चला पोरांकडे’ असं झटकन म्हणू शकतो ते म्हणूनच. ती घुटमळते, आणि घरातले म्हणतात, हिचा जीव कढईत अडकलाय. (उलटंही पाहिलंय. ती नातवासाठी आनंदानं गेली, आणि तो वाकडच्या नवव्या मजल्यावर भोंग्याच्या वेळी पहाटे दचकून उठायचा. पण हे कमी.)

मुलाचं घर हे तिचं दुसरं सासर. पहिल्यात निदान नियम ठाऊक होते. डबे कुठल्या क्रमानं लावायचे ते सासूनं सांगितलं, मनात नसलं तरी लावले, आणि वर्षं गेल्यावर तो क्रम आपला झाला. इथं मांडणी सुनेची. हळद फडताळात नाही, ओढायच्या ट्रॉलीत. कुकरला शिट्टी नाही, इंडक्शनला आच नाही. दूध अ‍ॅपवरून येतं आणि त्याचा पासवर्ड मुलाकडे. सून वाईट नसते. तीही सकाळी आठला कॅब धरणारी, दमलेली, तिनंही आपलं घर सोडलेलं. तरी साठीची बाई त्या ओट्यापाशी पुन्हा नवी नवरी होते. फरक एवढाच की आता तिच्यावर नऊ ते सात नातू सोपवलेला असतो, आणि त्याला कुणी काम म्हणत नाही.

मराठी रंगभूमीनं यात भीती तेवढी भरली. १९७० च्या ‘नटसम्राट’मध्ये सगळं देऊन टाकून मुलांच्या दारी गेलेला बाप, जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’त मुलांची वाट पाहत मागं राहिलेलं जोडपं. मुलांकडे गेलात तरी शोकांतिका, राहिलात तरी शोकांतिका. दोन्ही नाटकं थोर आहेत, पण निर्णय घ्यायला निरुपयोगी. बहुतेकांचं आयुष्य त्या दोन पडद्यांच्या मध्ये कुठंतरी जातं: दिवाळी ते होळी पुण्यात, मग कुरडयांसाठी परत, आषाढात संत तुकारामांची पालखी बेलवाडीच्या रिंगणाला आली की ती बघायला इथंच. गुडघे चालतात तोवर ही ये-जा उत्तम.

आणि मग पैसा, ज्याबद्दल चिंतनपर लिहिणारे नाक मुरडतात. ईपीएस-९५ ची पेन्शन म्हणजे पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. २०१४ पासून त्या पगाराची मर्यादा १५,००० रुपये, त्याआधी ६,५००. म्हणजे मर्यादेचा पूर्ण पगार धरला आणि ३५ वर्षं धरली तरी साडेसात हजार. प्रत्यक्षात पुष्कळांना त्याहून फार कमी. किमान पेन्शन १,००० रुपये, आणि पेन्शनर किमान ७,५०० साठी वर्षानुवर्षं आंदोलन करताहेत. एवढ्यात कळंबला चहा-भाकरी निघते, पुण्यात सोसायटीचा मेन्टेनन्सही धड निघत नाही. तीस वर्षं लेथवर काढलेल्या एका काकांचा अंगठा हयातीच्या दाखल्यासाठी यंत्रावर उमटेना. रेषा झिजलेल्या. मुलीनं बोट पुसलं, तेल लावलं, पुन्हा पुसलं. यंत्र म्हणे, जुळत नाही. इथल्या खिडकीवर निदान माणूस ओळखीचा होता, ‘असू दे, उद्या या’ म्हणाला. आता मोबाइलवर चेहरा दाखवून काम होतं, त्यामुळे हा मुद्दा तरी गावाच्या बाजूनं उरला नाही. दवाखान्याचा मुद्दाही थोडा बदलला. २०१९ पासून बारामतीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यापर्यंतचे सव्वाशे-दीडशे किलोमीटर दर वेळी मोजावे लागत नाहीत. पण अर्ध्या रात्री गाडी काढणारं घरात कुणी हवंच.

याज्ञवल्क्यानं घर सोडताना दोन्ही बायकांत वाटणी करायचं काढलं. मैत्रेयीनं विचारलेला प्रश्न बृहदारण्यकातून जगभर गेला. कात्यायनी, जिला उपनिषद संसारातलं जाणणारी म्हणतं, ती तिथं एक शब्दही बोलत नाही. मला कात्यायनीचं ऐकायचं आहे. कारण निर्णय दोघांचा असला तरी पुढचा काळ सारखा वाटला जात नाही. आपल्याकडे बायको वयानं लहान आणि बायका जगतातही जास्त. नवरा गेल्यावर ती मागं उरते आणि त्याच्या पेन्शनीची निम्मी रक्कम तिच्या खात्यात येते. घर विकून मुलाच्या फ्लॅटच्या हप्त्यात घातलेलं असेल, तर तेव्हा तिला परतायला जागा नसते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ मध्ये सोय आहे: सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर परत मिळवता येते. पण ती अट बक्षीसपत्रात लिहिलेली बरी, आणि आपल्याच मुलाच्या नावे कागद करताना ती लिहायला बापाचा हात धजत नाही. आईला विचारलं तर ती लिहा म्हणेल. निदान कळंबच्या दोन खोल्या विकू नका, भाड्यानं द्या, आणि सातबारा असो की आठ-अ, त्यावर माझं नाव लावा, एवढं ती नक्की म्हणेल.