कडी आतून

आमच्या चिरंजीवांनी गेल्या वर्षी बंगळुरूहून येताना दोन हेडफोन आणले आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवून म्हणाले, "बाबा, दोन्ही पंधरा-पंधरा दिवस वापरा. आवडेल तो ठेवून घ्या, दुसरा मी घेऊन जातो." मुख्याध्यापकाला तीन कोटेशने मागवून तुलनात्मक तक्ता केल्याशिवाय साधा घंटासुद्धा विकत घेता येत नाही. तेव्हा सवयीप्रमाणे मी वहीचे पान घेतले, मधोमध रेघ मारली आणि दोन मथळे दिले : आवाज आणि आराम. हा लेख त्या वहीतून निघाला आहे. तक्ता मात्र शेवटपर्यंत पुरा झाला नाही.

कंपन्यांची नावे देत नाही. मला कुणाची जाहिरात करायची नाही. एक हेडफोन बंद जातीचा. कानावर बसणाऱ्या वाट्यांची पाठ सबंध प्लॅस्टिकची, आत रेक्झिनसारख्या कातड्याची गादी. दुसरा उघड्या जातीचा. त्याच्या वाट्यांच्या पाठीला जाळी, आणि आत मखमलीची गादी. बंद हेडफोनमधला आवाज बाहेर जात नाही, बाहेरचा फारसा आत येत नाही. उघड्यातून दोन्ही जातात-येतात. घरातल्या वजनकाट्यावर दोघेही अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरले. आमची सौ. म्हणाली, "पावशेर डोक्यावर घेऊन गाणं ऐकायचं, हे तुम्हालाच सुचावं."

परीक्षेसाठी निवडले ते मल्लिकार्जुन मन्सूर. धारवाडजवळच्या मन्सूर गावचा हा माणूस, घरची भाषा कन्नड, पहिली पक्की तालीम मिरजेच्या नीळकंठबुवांकडे, आणि पुढे अल्लादियाखाँसाहेबांच्या मुलांकडे. आपल्या या सीमेवरच्या मुलखाचा सगळा इतिहास त्या एका गळ्यात आहे. त्यांचा शिवमत भैरव मी कॉलेजात असल्यापासून ऐकतो. बंद हेडफोनमध्ये तो ऐकला आणि पहिल्याच मिनिटाला चकित झालो. तानपुऱ्याची जवारी, दोन ओळींमधला श्वास, हार्मोनियमच्या भात्याची हलकी धाप; तीस वर्षे जे ऐकले नव्हते ते ऐकू आले. फक्त एक विचित्र गोष्ट घडली. गायक समोर बसलेला वाटेना. तो माझ्या डोक्याच्या मधोमध बसला होता. याचे कारण सोपे आहे. खोलीत कुणी गातो तेव्हा त्याचा आवाज दोन्ही कानांना मिळतो, पण एकाला किंचित आधी, एकाला किंचित नंतर. शिवाय कानाची पाळी, खांदे, भिंती त्या आवाजाला आपापला आकार देतात. त्यावरून मेंदू दिशा आणि अंतर ठरवतो. हेडफोन या सगळ्यांना वगळून थेट कानाच्या दारात ओततो. उघड्या हेडफोनमध्येही गायक डोक्यातच बसतो, पण तिथे जरा हवा खेळते. कवटीऐवजी लहानशा खोलीत बसल्यासारखे वाटते. खर्ज मात्र बंदमध्ये भरदार, उघड्यात थोडा कोरडा.

असे मी लिहिले आणि दुसऱ्या दिवशी खोडले. कारण मला चष्मा आहे. चष्म्याच्या काड्या गादीखाली शिरतात, फट राहते, आणि बंद हेडफोनचा सगळा खर्ज त्या फटीतून गळून जातो. चष्मा काढला तर खर्ज परत. म्हणजे मी वहीत नोंदवला होता तो हेडफोनचा गुण की माझ्या चष्म्याचा? शिवाय डब्यावर छापले होते की हा चाळीस हजार हर्ट्झपर्यंत वाजतो. माणसाचा कान ऐन तारुण्यात वीस हजारापर्यंत जातो आणि पन्नाशीनंतर त्यातलाही वरचा मोठा हिस्सा गमावून बसतो. माझ्यासाठी ते आकडे म्हणजे ज्याला मोतीबिंदू आहे त्याला दाखवलेले दूरचे डोंगर.

ज्यांनी हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने हाताळला त्यांचीही अशीच पंचाईत झाली होती. अमेरिकेत हार्मन कंपनीच्या प्रयोगशाळेत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२-१३च्या सुमारास हेडफोनची आंधळी परीक्षा घेतली. ऐकणाऱ्याला कोणता हेडफोन आहे ते दिसू द्यायचे नाही. पण दिसले नाही तरी डोक्याला कळतेच! हा जड, हा घट्ट, याची गादी मऊ. म्हणून त्यांनी पुढे एकच हेडफोन सर्वांच्या डोक्यावर ठेवला आणि बाकीच्यांच्या आवाजाच्या नकला त्या एकातूनच ऐकवल्या. आवाजाचा खरा निवाडा हवा तर आराम सगळ्यांना सारखा करून टाकावा लागला, यातच सगळे आले. आणि किमतीविषयी म्हणाल, तर जेरोएन ब्रेबार्ट यांनी २०१७ साली २८३ हेडफोनांची मोजमापे प्रसिद्ध केली, त्यांत हेडफोनच्या स्वरप्रतिसादाचा आणि किमतीचा काही संबंध आढळला नाही. हे मी चिरंजीवांना सांगितले नाही. त्याने बिल दाखवले नव्हते.

राहिला आराम. पहिल्या आठवड्यात मी त्याची व्याख्या अशी केली : जो डोक्यावर आहे हे विसरता येते तो आरामशीर. या कसोटीवर बंद हेडफोन, चष्मा काढल्यावर, सरळ पहिला आला. कानशिले दुखत नाहीत, गादी मऊ, बाहेरचे जग मावळते. आमचे घर शहापुरात, जुने, कौलारू. पलीकडच्या गल्लीत यंत्रमाग चालतात. त्यांची खटखट लहानपणापासून कानात आहे. वीज गेली की माग थांबतात आणि त्या शांततेने झोपमोड होते. बंद हेडफोनमध्ये माग गेले, पाऊस गेला, हळूहळू मीही गेलो. याहून आराम तो कोणता?

श्रावणातल्या एका दुपारी असाच बसलो होतो. सौ. बाजारात, पुतणी शाळेत. घरात मी आणि आई. आईचे वय चौऱ्याऐंशी. ती न्हाणीघराकडे गेली, पायरीवर पाय सरकला आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. उठता येईना. तिने हाक मारली. मधे एक माजघर, दोन दारे, दोन्ही उघडी. मी आरामखुर्चीत डोळे उघडे ठेवून बसलेला. अर्ध्या-पाऊण तासाने पाणी प्यायला उठलो तेव्हा ती मला दिसली. मोड नव्हती, देवाची कृपा; कमरेला मुका मार होता, आणि लुगडे ओले झाल्याने ती कुडकुडत होती. मी काय बोललो ते आठवत नाही. ती म्हणाली ते आठवते. "दोनदा हाक मारली. मग म्हटलं, तू ऐकतोयस. कशाला मोडता घालायचा?"

तिने तिसरी हाक मारली नाही. हे मला अजून पचलेले नाही.

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. कन्नड घर, चाळीस वर्षांचा शेजार. मला पाहून त्या म्हणाल्या, "केळलिल्लेन्री सर?" ज्यांना कन्नड येते त्यांच्या लक्षात येईल, या एका प्रश्नाचे दोन अर्थ होतात. 'केळु' म्हणजे ऐकणे आणि 'केळु' म्हणजेच विचारणे. ऐकू आलं नाही का, असे त्यांना म्हणायचे होते. मला ऐकू आले ते, विचारलं नाहीत का? आपल्या मराठीतही ऐकणे हा शब्द साधा नाही. 'मुलगा ऐकत नाही' म्हणून पालक माझ्याकडे येतात, तेव्हा त्याच्या कानांत दोष असतो असे नाही. मराठीत ऐकणे म्हणजे मानणे, कन्नडमध्ये ऐकणे म्हणजे विचारणे. दोन्ही भाषांत ऐकण्याला दुसरा माणूस लागतो. मी त्या दुपारी जे करत होतो त्याला या दोन्ही भाषांतला कोणता शब्द लावायचा?

मी एम.ए.ला तत्त्वज्ञान घेतले होते. न्यायदर्शनात श्रोत्रेंद्रियाची व्याख्या मोठी गमतीची आहे. शब्द हा आकाशाचा गुण. आणि कान म्हणजे दुसरे काही नसून कानाच्या पोकळीने वेढलेले आकाशच. या पोकळीला ते कर्णशष्कुली म्हणतात. शष्कुली हा तळलेला एक गोल पदार्थ, म्हणजे दिवाळीच्या फराळात शोभेल अशीच उपमा. तर आकाश एकच, सर्वांना सामाईक. त्यातला जेवढा तुकडा माझ्या कानाच्या वेढ्यात आला तेवढे माझे ऐकणे. दूरचा शब्द इथवर कसा येतो? पाण्यातल्या लाटेमागून लाट यावी तसा. विद्यार्थी असताना हे मला बाळबोध वाटे. हेडफोन हातात घेऊन पाहिले आणि वाटले, नैयायिकांनी याचा विचार आधीच केला होता. बंद हेडफोन त्या वेढ्यावर झाकण घालतो. मग आत जे उरते ते सामाईक आकाश राहत नाही, खासगी होते.

आणि ते खासगी व्हावे हाच तर या यंत्राचा जन्मोद्देश. १९१० साली अमेरिकेतील युटात नथॅनिएल बाल्डविन यांनी स्वयंपाकघरात बसून हेडफोन तयार केले आणि ते अमेरिकेच्या नौदलाने घेतले. संदेश ऐकणाऱ्याला एकट्याला नीट ऐकू यावा, एवढेच काम. संगीतासाठी स्टिरिओ हेडफोन १९५८ साली मिलवॉकीच्या जॉन कॉस यांनी आणला. जाळीच्या, उघड्या जातीचा पहिला हेडफोन १९६८चा, सेनहायझरचा एचडी ४१४. पण मला सर्वांत मोलाची वाटते ती १९७९ सालची गोष्ट. सोनी कंपनीचे अकिओ मोरिता वॉकमनचा नमुना घरी घेऊन गेले, आणि तो ऐकू लागताच आपली पत्नी खट्टू झाल्याचे त्यांच्या ध्यानात आले. ती बाहेर पडली होती. एकट्याने ऐकणे असभ्य दिसेल असे मानून त्यांनी पहिल्या वॉकमनला दोन हेडफोनांची सोय करायला लावली आणि एक नारिंगी बटणही दिले. ते दाबले की गाणे दबते आणि शेजारच्याचे बोलणे कानात येते. लोकांनी दुसऱ्या जोडणीकडे फारसे लक्ष दिले नाही. ज्याला त्याला आपला स्वतंत्र हवा होता. पुढच्या मॉडेलांतून ते बटण गेले.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे. नाहीतर मी फळ्यावर एकच बाजू लिहिणारा मास्तर ठरेन. हेडफोन घेतला तो मुळात इतरांची सोय म्हणून. पुतणी यंदा एस.एस.एल.सी.ला आहे, तिच्या अभ्यासात माझा भैरव कशाला? चार खोल्यांत पाच माणसे राहतात तिथे कान झाकून घेणे हे सौजन्यच असते. त्यात मागांची खटखट. उघड्या हेडफोनमध्ये ती आत येते, मग तिच्यावर मात करायला आपण आवाज चढवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली जाहीर केलेल्या मानकात आठवड्याला ऐंशी डेसिबलचे चाळीस तास ही मर्यादा दिली आहे, आणि दर तीन डेसिबलला तास निम्मे होतात, त्र्याऐंशीला वीसच. गोंगाटात बंद हेडफोन हळू आवाजात चालतो, म्हणून कानाला तोच हितकर. तेव्हा उघडा तो सज्जन आणि बंद तो स्वार्थी, असा निकाल देता येत नाही.

मी असेही म्हणून पाहिले की, झोपलेल्या माणसालाही हाक ऐकू येत नाही. पण झोपलेला माणूस झोपला आहे हे घराला ठाऊक असते. घर त्या हिशेबाने वागते. खुर्चीत डोळे उघडे ठेवून बसलेला माणूस घराला जागा वाटतो. पुस्तक वाचणारा? तोही तल्लीन होतो, आणि तल्लीनता हा गुण म्हणून मीच गेली तीस वर्षे वर्गात शिकवतो. पण वाचणाऱ्याचा कान उघडा असतो. दुसरी हाक पहिल्यापेक्षा मोठी असली की तो 'ओ' देतो.

आमच्या जुन्या घराच्या दाराला दोन्हीकडे कड्या आहेत. आतली लावायची, बाहेरची वाजवायची. दार बंद करण्यात काही वावगे नाही. रात्री सगळेच करतात. पण बाहेरून वाजवायला कडी नसलेले दार आमच्या वाडवडिलांनी बसवले नाही. बंद हेडफोनला आतली कडी आहे. बाहेरची नाही.

हे मी चिरंजीवांना फोनवर सांगितले. तो हसला. म्हणाला, "बाबा, आता निघतात त्यांत बटण असतं. दाबलं की बाहेरचं सगळं आत येतं." मी म्हणालो, ते बटण १९७९ सालीही होते. पण ते दाबायचे कुणी? ज्याला हाक ऐकू आली नाही त्याने. पायरीवर बसलेल्या आईच्या हातात ते कसे देणार? तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आजी कशी आहे?"

वहीतल्या तक्त्यात 'आराम' या मथळ्याखाली मी लिहिले होते ते तसेच आहे, विसरता येणे. खोडले नाही, कारण ते खोटे नाही. फक्त काय विसरतो याचा रकाना आखायचा राहिला होता.

बंद हेडफोन मी परत पाठवला नाही. पेपर तपासताना, सौ. घरात असते तेव्हा, लग्नसराईत कार्यालयाचा कर्णा सुरू झाला की तो लागतो. एरवी उघडा घेतो आणि आईच्या खोलीत बसतो. परवा ती खाटेवर वाती वळत होती. जाळीतून झिरपणारा आवाज तिच्यापर्यंत पोचत असावा.

"मन्सूर का रे?" तिने विचारले.

"हो."

"फार लांबून गातोय."

मी वायर काढून जुन्या स्पीकरला जोडली. त्याचा कागद एका बाजूने फाटला आहे, खर्जात तो फरफरतो. आईने वाती बाजूला ठेवल्या. शिवमत भैरव जेमतेम दोन मिनिटे झाला असेल नसेल, तोच माडीवरून पुतणी ओरडली, "काका, उद्या गणिताचा पेपर आहे माझा!"