कार्यावरून कारण: मिसफायर आणि अनुमानाचे प्रामाण्य

परिणाम समोर आहे आणि कारण झाकलेले आहे, अशा वेळी कारणाविषयी जे सांगितले जाते ते ज्ञान की निव्वळ अंदाज, हा भारतीय प्रमाणशास्त्रातला जुना वाद आहे. पेट्रोल इंजिनातला मिसफायर हे त्या वादाचे नेमके उदाहरण ठरते. सिलिंडरच्या आतले ज्वलन कोणालाच दिसत नाही. इंजिन थरथरते, पिकअप जातो, चेक इंजिनचा दिवा लागतो. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग मारते’. एवढ्यावरून कारणापर्यंत पोहोचायचे असते.

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा स्फोट होतो. मिनिटाला ३००० फेऱ्या असतील, तर एका सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा. इग्निशन कॉइल बॅटरीचे १२ व्होल्ट हजारो व्होल्टपर्यंत चढवते आणि प्लगच्या जेमतेम मिलिमीटरभर फटीत ठिणगी पडते. ठिणगी चुकली, पेट्रोल पोहोचले नाही किंवा दाब पुरेसा झाला नाही, की त्या सिलिंडरचा जोर मिळत नाही आणि क्रँकशाफ्ट क्षणभर मंदावतो. सेन्सर ही मंदी टिपतो, ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, तिच्या वेळेवरून सिलिंडर ठरवतो. स्कॅनरवर ‘पी०३०२’ दिसले, तर मिसफायर दुसऱ्या सिलिंडरमध्ये आहे. म्हणजे कोड हेही एक अनुमानच असते, आणि ते सिलिंडरपाशी थांबते. तिथली कॉइल गेली, प्लग झिजला, इंजेक्टर तुंबला की व्हॉल्व्ह नीट बसत नाही, याबद्दल तो काहीच बोलत नाही.

गौतमांच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या ‘शेषवत्’चा एक अर्थ वात्स्यायनांच्या भाष्यात कार्यावरून कारण ओळखणे असा दिला आहे. उदाहरण नदीचे आहे: पाणी फुगलेले दिसले, तर वरच्या अंगाला पाऊस झाला असला पाहिजे. सूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात यावर आक्षेप येतो. प्रवाह कुठे अडला तरी पाणी फुगते. मग एकच कार्य अनेक कारणांनी होत असताना अनुमानाला प्रमाण कसे मानायचे? नैयायिकांचे उत्तर असे, की नुसते फुगलेले पाणी हा हेतूच, म्हणजे अनुमानाला आधार देणारी खूणच, नव्हे. पाण्याला ओढ आहे, फेस आहे, वाहून आलेली पाने, फळे, लाकडे आहेत, अशा विशेषांसह पाहिलेला पूर हा हेतू. अर्धवट पाहिलेल्या खुणेवरून निष्कर्ष चुकला, तर दोष पाहणाऱ्याचा, अनुमानाचा नव्हे.

मिसफायरचे निदान याच उत्तरावर उभे आहे. ‘थरथर आहे, म्हणून कॉइल गेली’ हे विधान सव्यभिचार हेत्वाभासात मोडते, कारण कॉइल चांगली असतानाही थरथर आढळते. विशेष पाहिले की कारणांची गर्दी ओसरते. थरथर स्लोवर असून रेस केल्यावर जात असेल, तर इनटेकमध्ये कुठून तरी जादा हवा शिरत असल्याचा संशय बळावतो. थ्रॉटल उघडल्यावर त्या गळतीचे प्रमाण नगण्य होते. उलट चढावर, भार पडल्यावर गाडी मिसिंग मारत असेल, तर ठिणगी कमकुवत असण्याचा संभव अधिक, कारण दाट मिश्रणातून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागते. काढलेला प्लग पेट्रोलने ओला असेल, तर इंधन पोहोचले पण पेटले नाही. तेलकट असेल, तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सील यांच्याकडे पाहावे लागते.

विशेषांनी संशय आवळला जातो; निश्चय होतो तो अन्वय-व्यतिरेकाने. कारण असताना कार्य असणे हा अन्वय, नसताना नसणे हा व्यतिरेक. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवली, आणि कोड पी०३०३ झाला, तर दोष कॉइलबरोबर गेला. कोड तिथेच राहिला, तर कॉइल सुटली आणि पाळी प्लगची, मग इंजेक्टरची. कम्प्रेशन कमी भरले, तर सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजतात. ऑइलने रिंगांची फट तात्पुरती बुजते. त्यामुळे दाब वाढला तर दोष रिंगांकडे, न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे.

या कसोटीलाही एक धोका आहे, आणि न्यायशास्त्राने त्याला ‘उपाधी’ म्हटले आहे. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे म्हणता येत नाही, कारण धुराला ओले इंधन लागते. ही लपलेली अट म्हणजे उपाधी. कॉइल बदलताना कनेक्टरही काढून पुन्हा बसवला जातो. सैल किंवा गंजलेली पिन त्यानेच ठीक झाली असेल, तर श्रेय नव्या कॉइलला मिळते आणि खर्च वाया जातो.

चार्वाक मताचा आक्षेप आणखी खोल जातो: उपाधी कधीच संपूर्णपणे नाकारता येत नाहीत, म्हणून व्याप्तीचा, म्हणजे खूण आणि तिच्यावरून ओळखायची गोष्ट यांच्या अटळ संबंधाचा, निश्चय अशक्य. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त याला उत्तर दिले, की शंकेलाही मर्यादा आहे, स्वतःच्या वागण्याशी विसंगत ठरेल तिथे ती थांबते. ठिणगी आणि ज्वलन यांच्या संबंधावरच शंका घेणाऱ्याने प्लगला हात लावण्याचे कारण उरत नाही. दुरुस्तीला बसणे हाच कार्यकारणभावाचा स्वीकार असतो. कनेक्टरविषयीची शंका मात्र रास्त आहे, कारण ती तपासता येते.

शेवटचा प्रश्न असा, की निदान बरोबर होते हे कशावरून कळते? मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. बाधक पुढे येईपर्यंत त्याला वेगळा आधार लागत नाही. नैयायिक प्रामाण्य बाहेरून, सफल प्रवृत्तीवरून ठरवतात: ज्ञानानुसार केलेली कृती फळली, तर ज्ञान खरे. गॅरेज या बाबतीत नैयायिकांच्या बाजूचे आहे. कोड पुसून, इंजिन गरम करून, गाडी भाराखाली चालवून पाहिल्याशिवाय काम पुरे मानत नाहीत. पण उपाधी ध्यानात घेता एकटे यश पुरत नाही. जुनी कॉइल परत बसवल्यावर मिसफायर परतला आणि नवी बसवल्यावर गेला, तर व्यतिरेकाबरोबर अन्वयही सिद्ध होतो. तेवढ्यानंतर कॉइलला दोषी म्हणणे अंदाज राहत नाही.