नकाराचा हक्क

मानसिक आजार झालेल्या माणसाची इच्छा त्याची स्वतःची मानायची की त्याच्या आजाराची, हा मनोरुग्णांच्या शुश्रूषेतला सर्वांत जुना नैतिक प्रश्न आहे. गोळी थुंकून टाकणारा रुग्ण, अंघोळीला नको म्हणणारी बाई, दिवसभर ‘मला घरी जायचंय’ असा धोशा लावणारा तरुण, या प्रत्येकाशी वागताना परिचारिका या प्रश्नाचे काही ना काही उत्तर देतच असते. डॉक्टर फेरी संपवून निघून जातात. नकार ऐकायला चोवीस तास वॉर्डात उभे असतात ते सिस्टर आणि ब्रदर.

तत्त्वज्ञानाने इथे फारशी मदत केली नाही. माणसावर त्याच्या स्वतःच्या भल्यासाठीसुद्धा बळजबरी करू नये, असे जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली ‘ऑन लिबर्टी’मध्ये मांडले; पण हे तत्त्व बुद्धी परिपक्व असलेल्यांपुरतेच लागू, अशी मर्यादाही त्याने तिथेच घातली. वेड लागलेला माणूस आपोआप रेषेबाहेर गेला. विवेकबुद्धी हाच प्रतिष्ठेचा एकमेव आधार मानला, की बुद्धी ढळताक्षणी प्रतिष्ठाही काढून घेता येते.

धर्मश्रद्धेतून मात्र एक वेगळा आधार पुढे आला होता, आणि तोही मिलच्या आधी. इंग्लंडमधल्या यॉर्कच्या असायलममध्ये १७९० साली हॅना मिल्स ही क्वेकर या ख्रिस्ती पंथाची विधवा दाखल झाल्यावर काही आठवड्यांतच मरण पावली. तिच्या पंथबांधवांना तिला भेटूही दिले नव्हते. त्यानंतर विल्यम ट्यूक या चहाच्या व्यापाऱ्याने पुढाकार घेऊन १७९६ मध्ये मनोरुग्णांसाठी ‘रिट्रीट’ सुरू केले. प्रत्येक माणसात ईश्वरी प्रकाश असतो आणि आजार तो झाकतो, विझवत नाही, ही क्वेकरांची धारणा. म्हणून तिथे साखळदंड नव्हते. बाग होती, काम होते, सोबत बसून घेतलेला चहा होता. त्याच सुमारास, १७९७ मध्ये, पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात बेड्या काढल्या गेल्या. श्रेय बहुधा डॉक्टर पिनेल यांना दिले जाते, पण तिथे हे काम केले ते वॉर्डाची देखरेख करणाऱ्या ज्याँ-बातिस्त प्यूसाँ यांनी, आणि ते स्वतः एकेकाळी त्याच रुग्णालयात रुग्ण होते.

तत्त्वज्ञ मिशेल फुको यांनी १९६१ मध्ये या दयाळूपणावरच बोट ठेवले: लोखंडी बेडी गेली, पण तिच्या जागी अपराधभाव आला, रुग्णाने स्वतःवरच पहारा ठेवावा, अशी व्यवस्था झाली. ट्यूक यांच्यावर हा आरोप काहीसा अन्यायकारक आहे, तरी टीका निकालात निघालेली नाही. ‘शहाण्यासारखी वागलीस तर घरी फोन लावून देईन’ हे वाक्य ज्या वॉर्डात सहज उच्चारले जाते, तिथे ती अजून खरी आहे. घरच्यांशी बोलणे हा हक्क आहे, चांगल्या वागणुकीचे बक्षीस नव्हे.

श्रद्धेची दुसरी बाजू भारताने ६ ऑगस्ट २००१ रोजी पाहिली. तमिळनाडूतील एरवाडीच्या दर्ग्याजवळ, बरे होण्याच्या आशेने आणलेल्या मनोरुग्णांना ठेवणाऱ्या एका खासगी निवाऱ्याला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ जण पळता न आल्यामुळे जळून मेले. दोष दर्ग्यावरच्या श्रद्धेचा म्हणणे सोपे आहे. पण गावाजवळ उपचार नाहीत आणि घरात सांभाळ होत नाही, अशा हतबलतेतूनच कुटुंबे तिथे येत होती. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यावर, कोणत्याही स्वरूपात, पूर्ण बंदी घातली. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध न देता विजेचे झटके देणे, एकांतकोठडीत डांबणे हेही निषिद्ध ठरले. केस भादरण्याची सक्ती करायची नाही आणि स्वतःचे कपडे घालायचे असतील तर घालू द्यायचे, इतक्या बारीक गोष्टी कायद्यात लिहाव्या लागल्या, यावरून आधी काय चालत होते ते कळते.

याच कायद्याचे चौथे कलम मिलच्या रेषेला छेद देते. निर्णयक्षमता आहे असे गृहीत धरूनच सुरुवात करायची. रुग्णाचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो, एवढ्यावरून तो निर्णय घ्यायला अक्षम ठरत नाही. माहितीही त्याला समजेल अशा भाषेत, खुणांनी, चित्रांनी द्यायची. म्हणजे क्षमता ही रक्तातल्या साखरेसारखी मोजून टाकायची गोष्ट नाही. समजावणाऱ्याच्या धीरावरही ती अवलंबून असते. घाईत विचारलेल्या प्रश्नाला मान हलवणारी बाई अर्ध्या तासाने, शेजारी स्टूल ओढून बसलेल्या सिस्टरला गोळीने हात थरथरतात म्हणून ती नको आहे, असे नीट सांगू शकते. नकार तिथे आजाराचे लक्षण राहत नाही, तक्रार होते. आणि तक्रारीवर डॉक्टरांशी बोलून डोस बदलता येतो.

मात्र अनेकींच्या नकारामागे गोळीपेक्षा खोल काही असते. बालपणातील छळ आणि घरातील विस्कळीत वातावरण यांचा प्रौढपणीच्या आजारांशी असलेला संबंध १९९८ साली फेलिटी आणि अंडा यांच्या अमेरिकेतील अभ्यासाने दाखवला. लहानपणी अत्याचार सोसलेल्या स्त्रीला चार जणांनी पलंगावर दाबून धरले, सलवार खाली ओढून कमरेत इंजेक्शन टोचले, की कर्मचाऱ्यांच्या लेखी तो उपचार असतो. तिच्या शरीराच्या लेखी तीच जुनी घटना पुन्हा घडलेली असते. त्यानंतर ती ओरडली, चावली, तर नोंदवहीत ‘रुग्ण आक्रमक’ एवढेच चढते. आघाताचे भान ठेवणारी शुश्रूषा म्हणजे वेगळी थेरपी नव्हे. स्पर्श करण्याआधी विचारणे, दार बंद करण्यापूर्वी सांगणे, दंडात चालणारे इंजेक्शन असेल तर कोणत्या हातात ते तिला ठरवू देणे, स्त्रीजवळ स्त्री कर्मचारी असणे, आणि जुनी जखम जबरदस्तीने उकरून न काढणे, असे तिचे साधे रूप आहे. हे केवळ सौजन्य नाही. वॉर्डातील बोलण्या-वागण्याच्या अशाच काही साध्या पद्धती बदलणाऱ्या ‘सेफवॉर्ड्स’ या प्रयोगात इंग्लंडमधल्या ३१ वॉर्डांचा अभ्यास झाला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार संघर्षाचे प्रसंग सुमारे १५ टक्क्यांनी आणि रुग्णाला आवरण्याच्या उपायांचा वापर सुमारे २६ टक्क्यांनी घटला.

या सगळ्याच्या मुळाशी आशा आहे, आणि तिला आधार आहे. वर्षानुवर्षे ‘मागच्या वॉर्डात’ पडून राहिलेल्या, आता काही होणार नाही असे मानलेल्या रुग्णांचा अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात दोन-तीन दशकांनंतर शोध घेतला, तेव्हा निम्म्याहून अधिक लोक बरे झालेले किंवा बरेच सुधारलेले आढळले. कोर्टनी हार्डिंग यांनी १९८७ मध्ये ते प्रसिद्ध केले. किशोरवयात स्किझोफ्रेनियाचे निदान झालेल्या आणि पुढे मानसशास्त्रज्ञ झालेल्या पॅट्रिशिया डीगन यांनी १९८८ मध्ये लिहिले ते याहून पुढचे आहे: सावरणे म्हणजे लक्षणे पुसली जाणे नव्हे, तर मर्यादांसह आपले आयुष्य पुन्हा स्वतःच्या हाती घेणे. ज्याला एकही निर्णय घेऊ दिला जात नाही, त्याला या अर्थाने सावरता येणार नाही.

तरीही एखादी रात्र अशी येते, की रुग्ण स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठतो आणि शब्द पोचत नाहीत. बांधून ठेवणे कायद्याने केवळ तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसतानाच, मनोविकारतज्ज्ञाच्या मंजुरीने आणि अत्यावश्यक तेवढ्याच वेळापुरते मान्य केले आहे. शिक्षा म्हणून किंवा माणसे कमी आहेत म्हणून कधीच नाही. अशा वेळी हात न लावणे हा रुग्णाच्या स्वातंत्र्याचा आदर नसून त्याला वाऱ्यावर सोडणे होय. पण बळ अटळ ठरले म्हणून ते उपचार ठरत नाही. ते वॉर्डावरचे रुग्णाचे ऋण असते, आणि ते दुसऱ्या दिवशी फेडावे लागते: शेजारी बसून काय झाले ते सांगणे, त्याला ते कसे वाटले हे ऐकून त्याच्याच शब्दांत लिहून ठेवणे, पुढच्या वेळी काय केले तर चालेल हे विचारणे.

पुढच्या वेळेचे हे म्हणणे कायदेशीर कागदावरही उतरवता येते. आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, याचा आगाऊ निर्देश कोणत्याही सज्ञान व्यक्तीला, आधी मानसिक आजार झालेला असो वा नसो, २०१७ च्या कायद्याने लिहून ठेवता येतो. तातडीच्या उपचारांना तो बंधनकारक नाही, ही त्याची मोठी उणीव आहे. तरीही घरात कोणाला असा आजार असेल, तर तो बरा असतानाच त्याच्यासोबत बसून हा कागद तयार करावा, आणि वॉर्डात भरती करताना परिचारिकेने तो आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारावे.