देहदंड : राजधर्म आणि अहिंसा

देहदंडाचा प्रश्न भारतीय विचारपरंपरेत दोन तत्त्वांच्या संघर्षातून उभा राहतो. प्रजेचे रक्षण हा राजाचा पहिला धर्म आणि दंड हे त्याचे साधन, हे एक तत्त्व. अहिंसा हा परमधर्म, हे दुसरे. दंड उचलला नाही तर मात्स्यन्याय माजतो, म्हणजे मोठा मासा लहान माशाला गिळतो, असे दंडनीतीचे ग्रंथ बजावतात. दंड उचलून जीव घेतला तर अहिंसेचे काय, हा प्रश्न मात्र उरतोच.

या पेचाची नेमकी मांडणी महाभारताच्या शांतिपर्वात सापडते. कोणाचाही घात न करता राजाने प्रजेचे रक्षण कसे करावे, असे युधिष्ठिर विचारतो. उत्तर म्हणून भीष्म द्युमत्सेन आणि त्याचा पुत्र सत्यवान यांचा संवाद सांगतात. पित्याच्या आज्ञेने काही अपराध्यांना वधासाठी नेले जात असताना सत्यवान हरकत घेतो. धर्माचे रूप कधी कधी पालटते हे त्याला मान्य आहे. पण वध हा धर्म ठरू शकत नाही, असे तो म्हणतो. दुष्टांना मारायचे नाही तर धर्म आणि अधर्म यांत फरक काय राहिला आणि लोकव्यवहार कसा चालेल, असा द्युमत्सेनाचा सवाल आहे.

सत्यवानाची उत्तरे आजच्या वादातही जशीच्या तशी ऐकू येतात. एका दस्यूला मारले की त्याचे आईबाप, पत्नी, मुले असे अनेक निरपराध मारल्यासारखेच होतात. दुर्जनही सत्संगाने सुधारतो आणि दुर्जनाच्या पोटी सज्जन संतती निपजू शकते, म्हणून मूळच उपटून टाकू नये. धाक, बंधन यांसारखे इतर उपाय राजाच्या हाती आहेत. अपराधी शरण येऊन पुन्हा पाप न करण्याचे वचन देत असेल तर त्याला सोडावे. द्युमत्सेन यावर काळाचा दाखला देतो. पूर्वी निषेधाचा शब्द पुरे होई, पुढे कठोर वाणी लागली, मग द्रव्यदंड आला. आता वधानेही काही जण आवरत नाहीत. राजाने आधी स्वतःला आवरावे, मग इतरांना, हा विचारही याच संवादात येतो. भीष्म कोणाच्याही बाजूने स्पष्ट निवाडा देत नाहीत.

धर्मशास्त्रांनी बहुतांशी द्युमत्सेनाची बाजू घेतली, पण त्यावर मर्यादा घातल्या. मनुस्मृती वाग्दंड, धिग्दंड, धनदंड आणि वधदंड असा चढता क्रम सांगते. वध हा शेवटचा उपाय. कौटिल्याच्या मते अतिकठोर दंडाने प्रजा बिथरते, सौम्य दंडाने राजाची अवज्ञा होते, म्हणून दंड अपराधाच्या मानाने असावा. त्याच्या अर्थशास्त्रात यातनारहित वध आणि यातनायुक्त वध असे दोन प्रकार येतात. मनुस्मृती या दंडाला पारलौकिक आधारही देते: राजाने दंड दिलेला पापी शुद्ध होऊन पुण्यवंतांप्रमाणे स्वर्गाला जातो. या दृष्टीने देहदंड हा अपराध्यावरचा सूड नसून त्याच्या शुद्धीचा मार्ग ठरतो. त्याच ग्रंथात ब्राह्मणाला मात्र वधदंडातून वगळले आहे. त्याच्यासाठी मुंडन किंवा हद्दपारी सांगितली आहे. शुद्धीचा सिद्धांत सर्वांना सारखा लागू नसेल तर त्याचे नैतिक बळ किती, हा प्रश्न तेव्हापासून त्याला चिकटलेला आहे.

शुद्धी आणि सत्ता यांची गाठ पेशवाईतही पडली. 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला, तेव्हा न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी खुनाचा ठपका आलेले त्यांचे काका राघोबादादा यांना देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरी वाट नाही असे सुनावले, असे मराठी परंपरा सांगते. या उत्तरामागे मृत्यूने पातक फिटते हीच धारणा आहे. राघोबादादांना मात्र ते प्रायश्चित्त कधीच घ्यावे लागले नाही.

बौद्ध परंपरेचा कल सत्यवानाकडे आहे. मात्र कलिंगयुद्धानंतर पश्चात्ताप झालेल्या सम्राट अशोकानेही देहदंड रद्द केला नाही. त्याच्या चौथ्या स्तंभलेखाने शिक्षा ठोठावलेल्यांना तीन दिवसांची मुदत दिली. त्या काळात आप्तांनी जीवदानासाठी खटपट करावी किंवा मरणाऱ्याने दान आणि उपवास करून परलोकाची तयारी करावी. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन त्याच्याही पुढे गेला. सातवाहन राजाला उद्देशून लिहिल्याचे मानल्या जाणाऱ्या ‘रत्नावली’त तो सांगतो की घोर खुन्यालाही न मारता, न छळता हद्दपार करावे. करुणा आधी पाप्यावरच करावी, कारण तो स्वतःचाच घात करून बसलेला असतो, असा त्याचा युक्तिवाद आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी आलेला चिनी भिक्षू फाहियान मध्यदेशात देहदंड नसल्याचे नोंदवतो.

इतर धर्मांतही तत्त्व आणि व्यवहार यांत असेच अंतर दिसते. यहुदी धर्मग्रंथ अनेक अपराधांना मृत्युदंड सांगतो. पण मिश्ना या यहुदी विधिसंग्रहातल्या एका मतानुसार सत्तर वर्षांत एकाला मारणारे न्यायमंडळही विनाशक म्हणावे लागेल. इस्लामी कायदा खुनाबद्दल किसास म्हणजे जिवाच्या बदल्यात जीव मान्य करतो, मात्र मृताच्या वारसांना क्षमा करण्याचा किंवा दियत म्हणजे भरपाई घेण्याचा हक्क देतो आणि क्षमेला पुण्य मानतो. कॅथलिक चर्चने राज्यसंस्थेचा हा अधिकार शतकानुशतके मान्य केला होता. 2018 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणाच्या ग्रंथात दुरुस्ती करून मृत्युदंड अग्राह्य ठरवला.

आधुनिक युरोपात हा वाद धर्माच्या चौकटीबाहेर आला. 1764 मध्ये चेझारे बेकारिया या इटालियन विचारवंताने लिहिले की गुन्हा रोखतो तो शिक्षेचा क्रूरपणा नव्हे, तर ती अटळ असल्याची खात्री; शिवाय खुनाचा निषेध करणाऱ्या राज्याने स्वतः खून करणे विसंगत आहे. इमॅन्युएल कांटने याला कडाडून विरोध केला. त्याच्या मते शिक्षा ही समाजाच्या फायद्यासाठी नसते. अपराध्याने ती ओढवून घेतलेली असते. बेटावरचा समाज विसर्जित होणार असला तरी तुरुंगातल्या शेवटच्या खुन्याला आधी देहदंड द्यावाच लागेल, असे तो म्हणतो. त्याच्या दृष्टीने अपराध्याला स्वतःच्या कृत्याचा जबाबदार कर्ता मानणे हाच त्याचा सन्मान.

स्वतंत्र भारताला देहदंडाच्या समर्थनाचा आणि विरोधाचा असे दोन्ही वारसे मिळाले. 1931 च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात मृत्युदंड नसावा असे म्हटले होते. 3 जून 1949 रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फाशीच्या शिक्षेविरुद्ध अपिलाची तरतूद करण्यापेक्षा ती शिक्षाच रद्द करणे आपल्याला पसंत पडेल असे सांगितले. लोक आचरणात अहिंसक नसले तरी नैतिक आदर्श म्हणून अहिंसा मानतात, हा त्यांचा आधार होता. तरीही 1860 च्या भारतीय दंड संहितेतली फाशी कायम राहिली. 15 नोव्हेंबर 1949 रोजी गांधीहत्येबद्दल नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना अंबाल्याच्या तुरुंगात फाशी झाली. गोडसेला फाशी देऊ नये अशी विनंती गांधीजींच्या मुलांनी, मणिलाल आणि रामदास यांनी केली होती.

त्यानंतर कायदा हळूहळू मर्यादेच्या दिशेने सरकला. पूर्वी खुनासाठी फाशी न देण्याची कारणे न्यायाधीशाला नोंदवावी लागत. 1955 च्या दुरुस्तीने ती अट गेली. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने क्रम उलटवला: जन्मठेप हा नियम झाला आणि फाशी द्यायची तर खास कारणे लिहिणे बंधनकारक ठरले. 1980 मध्ये बचन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी फाशी घटनात्मक ठरवली, मात्र ती दुर्मिळातल्या दुर्मीळ प्रकरणापुरती ठेवली. न्या. भगवती यांनी भिन्नमत नोंदवले: कोणाचा जीव जाईल हे कोणते न्यायाधीश बसले आहेत यावर अवलंबून राहते आणि त्याची झळ गरिबांना अधिक बसते. 1983 मध्ये मिठू खटल्यात सक्तीची फाशी रद्द झाली. 2009 मध्ये महाराष्ट्रातून आलेल्या बरियार खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले की आरोपी सुधारणारच नाही हे पुराव्यानिशी दाखवावे लागेल. दयेच्या अर्जावर अवाजवी विलंब झाला तर फाशीची जन्मठेप होऊ शकते, असे 2014 च्या शत्रुघ्न चौहान निकालाने ठरवले. याच तत्त्वावर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींची फाशी जन्मठेपेत बदलली.

आजच्या वादात चार मुद्दे वारंवार येतात. पहिला प्रतिशोधाचा: काही कृत्ये इतकी घोर असतात की त्यांना दुसरी शिक्षा अपुरी वाटते. नोव्हेंबर 2012 मध्ये येरवड्यात मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यातला अजमल कसाब याला फाशी झाली, तेव्हा हीच भावना प्रबळ होती. दुसरा मुद्दा जरबेचा: फाशीने खून कमी होतात असे समर्थक मानतात, पण अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 2012 मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून त्यांवरून असा किंवा याउलट निष्कर्ष काढता येत नाही असे सांगितले. तिसरा मुद्दा सुधारणेचा, म्हणजे सत्यवानाचा. चौथा चुकीचा: जन्मठेप मध्येच थांबवता येते, फाशी अमलात आल्यावर दुरुस्तीला जागा उरत नाही. पहिल्या मुद्द्याला तर्काने पूर्ण खोडता येत नाही, कारण तो न्यायाच्या मूळ भावनेतून येतो. मात्र तो मान्य केला तरी अपराधी मरणास पात्र आहे एवढेच सिद्ध होते. त्याला मारण्याइतकी अचूक आणि समदर्शी व्यवस्था राज्याकडे आहे हे सिद्ध होत नाही.

विधी आयोगाच्या मताचा प्रवासही याच दिशेने झाला. 1967 च्या 35 व्या अहवालात त्याने फाशी ठेवण्याची शिफारस केली होती. 2015 च्या 262 व्या अहवालात दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारण्याचे गुन्हे वगळता ती रद्द करावी असे सुचवले. संसदेने ही सूचना स्वीकारली नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खुनासाठी मृत्युदंडाची तरतूद कायम आहे आणि तो देताना खास कारणे नोंदवण्याची अटही कायम आहे.